दुकानाच्या पायरीवरचा माणूस

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती सोडते आणि सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी अशी मजल दरमजल करीत इंदापूरकडे निघते. त्या दिवसांत या पट्ट्यातील व्यापारी कुटुंबांची दारे सताड उघडी असतात. किराणा दुकानाच्या ओट्यावर, कापड दुकानाच्या पडवीत, कृषी सेवा केंद्रापुढच्या पत्र्याखाली वारकरी पथारी टाकतात. कोणी त्यांचे नाव विचारीत नाही की ओळखपत्र मागत नाही. उलट चहापाण्याची, अंघोळीची, औषधाची सोय करण्यात घराघरांत चढाओढ लागते. दोन-तीन महिन्यांनी त्याच ओट्यावर एखादा अनोळखी माणूस गोणपाट अंथरून निजलेला दिसला, तर मात्र पहिला विचार येतो तो त्याला उठवायचा कसा, हाच.

ओटा तोच, मालकही तोच, आणि झोपलेला देहही माणसाचाच. फरक एवढाच, की वारकऱ्याला परतायला घर आहे आणि दुसऱ्याला ते नाही. ज्याला घर आहे त्याला आसरा देणे सोपे असते, कारण तो जाणार हे ठाऊक असते. ज्याला घर नाही तो कधी जाईल, जाईल की नाही, याची खात्री नसते. व्यापाऱ्याच्या मनातील भीतीचे मूळ येथे आहे. ही भीती खोटी नाही आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून केलेला उपदेश व्यवहारात टिकत नाही. प्रश्न असा आहे, की या भीतीपोटी माणसाला उठवताना कोणती मर्यादा पाळावी?

इंदापूर तालुक्यातील कळस आणि आसपासच्या गावांना हा प्रश्न परका राहिलेला नाही. रस्त्याकडेला गाळ्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, दुमजली व्यापारी इमारती झाल्या. त्याबरोबर जिन्याखालची जागा, रिकामा गाळा, शटरपुढची फरशी अशी निजायला पुरेशी ठिकाणेही निर्माण झाली. गावाचे नाव कळस असले तरी हा प्रश्न पायरीचा आहे.

पायरीवर कोण असते?

जनगणनेत ज्यांची 'बेघर' म्हणून नोंद होते, त्यांच्या व्याख्येत रस्त्याकडेला, पदपथावर, मोठ्या पाइपांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळांच्या उघड्या मंडपांत आणि रेल्वे फलाटांवर राहणारे लोक येतात. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री अशा लोकांची मोजणी झाली. देशभरात त्यांची संख्या सुमारे १७ लाख ७३ हजार भरली. महाराष्ट्रात ती दोन लाखांहून अधिक होती. बेघर म्हटले की मुंबईचे पदपथ डोळ्यांपुढे येतात. पण देशातील या संख्येपैकी सुमारे ८ लाख ३४ हजार माणसे ग्रामीण भागात मोजली गेली होती. म्हणजे जवळजवळ निम्मे बेघर खेड्यापाड्यांतले होते.

बारामती-इंदापूर हा उसाचा मुलूख. हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात, कोपी घालून राहतात आणि पट्टा पडला की परततात. अशा स्थलांतरात आजारपणामुळे, म्हातारपणामुळे किंवा व्यसनामुळे एखादा मागे राहू शकतो. याखेरीज मुलांनी घराबाहेर काढलेले वृद्ध असतात, मनोरुग्ण असतात, नवऱ्याने टाकलेल्या स्त्रिया असतात आणि रोजगाराच्या शोधात आलेला, पहिल्या मजुरीपर्यंत छप्पर नसलेला धडधाकट तरुणही असतो. दुकानदाराच्या दृष्टीने हे सगळे एकच, 'पायरीवर झोपणारे'. परंतु प्रत्येकाची गरज निराळी आणि प्रत्येकाला उठवण्याचा परिणामही निराळा असतो. वृद्धाला हाकलले तर तो पुढच्या पायरीवर जातो. मनोरुग्णाला हाकलले तर तो महामार्गावरही जाऊ शकतो. म्हणून उठवण्यापूर्वी हा माणूस कोण आहे हे जाणून घेणे, ही पहिली नैतिक जबाबदारी ठरते.

१९८५ चा एक निकाल

या प्रश्नाचा सर्वांत सखोल विचार आपल्या देशात झाला तो मुंबईच्या पदपथवासीयांच्या प्रकरणात. १३ जुलै १९८१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथावरील रहिवाशांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. दिवस भर पावसाळ्याचे होते. या कारवाईविरुद्ध पदपथवासीय आणि पत्रकार ओल्गा टेलिस सर्वोच्च न्यायालयात गेले.

अर्जदारांपैकी एक जण संगमनेरचा होता. गावी पादत्राणे दुरुस्त करून दिवसाला सात-आठ रुपये मिळवणाऱ्या या माणसाचे राहते घर पडले, तेव्हा तो मुंबईला आला आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. पदपथावरच्या जागेसाठी त्याने तिथल्या एका गुंडाला ३०० रुपये मोजले होते. बांबू आणि प्लास्टिकच्या कागदाला आणखी ७०० रुपये लागले. पदपथ फुकट असतो ही समजूत या एका हिशोबाने दूर होते. दुसरा अर्जदार तमिळनाडूतील सेलमचा. २३ जुलै १९८१ रोजी त्याची झोपडी पाडून त्याला कुटुंबासह सेलमच्या बसमध्ये बसवण्यात आले. बायको-मुली गावी राहिल्या. तो मात्र कामाच्या शोधात मुंबईत परतला आणि पुन्हा पदपथावरच राहू लागला. माणूस हटवला म्हणजे त्याची गरज हटत नाही, हे यावरून उघड झाले.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त झाले. हा निकाल अर्धवट सांगण्याची प्रथा आहे. एक बाजू त्यातला पूर्वार्ध सांगते, दुसरी उत्तरार्ध. वस्तुतः त्यात दोन्ही गोष्टी आहेत. राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे न्यायालयाने मान्य केले. त्याचबरोबर पदपथ अडवून राहण्याचा हक्क कोणालाही नाही, हेही स्पष्ट केले. हटवण्यापूर्वी सूचना द्यावी, म्हणणे ऐकून घ्यावे, असा सर्वसाधारण दंडक सांगितला. १९७६ च्या गणनेत ओळखपत्रे मिळालेल्यांना पर्यायी जागा देण्यास सांगितले आणि पावसाळा उलटून जाईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणालाही हटवू नये असा आदेश दिला.

तो खटला सार्वजनिक पदपथाचा आणि महापालिकेच्या अधिकाराचा होता. खाजगी गाळ्याच्या मालकाचे अधिकार त्याहून अधिक आहेत, हे खरे. तरीही निकालातील एक विचार खाजगी मालकालाही लागू पडणारा आहे. ही माणसे स्वेच्छेने अतिक्रमण करीत नाहीत, परिस्थिती त्यांना तेथे आणते, असे न्यायालयाने म्हटले. दुसऱ्याच्या जागेत शिरलेल्याला बाहेर काढता येते. मात्र आधी त्याला निघून जाण्यास सांगितले पाहिजे, त्यासाठी वाजवी संधी दिली पाहिजे आणि बळ वापरावेच लागले तर ते प्रसंगाला आवश्यक तेवढेच असले पाहिजे. मालकी हक्क आणि माणुसकी यांत निवड करण्यास न्यायालयाने सांगितले नाही. हक्क बजावण्याची रीत सांगितली.

व्यापाऱ्याच्या शंका

पहिली शंका कब्जाची. आज झोपू दिले आणि उद्या त्याने जागेवर हक्क सांगितला तर? प्रतिकूल कब्जासाठी खाजगी मालमत्तेच्या बाबतीत बारा वर्षांची मुदत लागते आणि तो कब्जा मूळ मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे व सलग असावा लागतो. मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याचा ताबा या व्याख्येत बसत नाही. गोव्यातील एका मालमत्तेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये असे स्पष्ट केले, की राखणदार, काळजीवाहू किंवा नोकर कितीही वर्षे राहिला तरी त्याला त्या मालमत्तेत हितसंबंध प्राप्त होत नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने स्पष्ट परवानगी ही मालकाची कमजोरी नव्हे. तिच्यामुळे त्याची बाजू भक्कमच होते. रात्रीपुरते पायरीवर झोपणे आणि गाळ्याला कुलूप लावून संसार थाटणे यांतही मोठे अंतर आहे. बंद गाळ्यात कोणी वस्ती केली असेल, तर वकिलाचा सल्ला घेऊन रीतसर मार्गानेच जावे. चार माणसे नेऊन सामान फेकण्याने मालकाचीच बाजू लंगडी होते.

दुसरी शंका सुरक्षिततेची. खते, कीटकनाशके, कापूस, बारदान अशा मालाच्या गोदामाजवळ कोणी विडी ओढली वा चूल पेटवली, तर नुकसान मालाचे होईल आणि जीव झोपणाऱ्याचाही जाईल. कीटकनाशकांच्या वासात रात्र काढणे हेही आरोग्याला घातकच. अशा जागी 'येथे झोपू नका' असे ठामपणे सांगणे हीच दया आहे. तिसरी शंका दुकानात काम करणाऱ्या स्त्रियांची आणि सकाळी येणाऱ्या ग्राहकांची. दारू पिऊन शिवीगाळ करणाऱ्याला आसरा देणे कोणावरही बंधनकारक नाही. प्रत्येक बेघर माणूस सज्जन असतो असे मानण्याचे कारण नाही. तो चोरच असतो असे मानण्याचेही नाही. पेढीवर नवा माणूस उधारी मागायला आला तर व्यापारी त्याला तडकाफडकी लुच्चा ठरवीत नाही. चौकशी करतो आणि मगच निर्णय घेतो. तीच सावध न्यायबुद्धी येथेही अपेक्षित आहे.

सागार आणि अनगार

जैन आचारशास्त्रात गृहस्थाला 'सागार' आणि मुनीला 'अनगार' म्हणतात. अगार म्हणजे घर. ज्याला घर नाही तो अनगार. बेघर असणे हा शब्द या परंपरेत तुच्छतेचा नाही, तो वंदनीय अवस्थेचा आहे. तत्त्वार्थसूत्राच्या दिगंबर पाठात अचौर्य व्रताच्या पाच भावना सांगताना शून्यागारात, म्हणजे रिकाम्या जागी राहणे, इतरांनी सोडून दिलेल्या निवासात राहणे आणि दुसऱ्याला अडथळा न करणे यांचा समावेश केला आहे. श्वेतांबर आचारात साधूंना राहण्यास जागा देणाऱ्या गृहस्थाला 'शय्यातर' असे नाव आहे आणि त्याच्या घरचा आहार साधू घेत नाहीत. जागेची परवानगी मागावी, मालकाला अडचण होऊ नये, एकाच घरावर दुहेरी भार पडू नये, इतका सूक्ष्म विचार येथे शतकानुशतके झालेला आहे.

मुनी आणि पायरीवरचा कंगाल यांना एका पारड्यात तोलण्याचे कारण नाही. मुनींचे अनगारत्व वैराग्यातून आलेले असते, या माणसावर ते लादलेले असते. पण म्हणूनच गृहस्थाचे कर्तव्य कमी होत नाही, उलट वाढते. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात वैयावृत्त्याच्या चार दानांमध्ये आहार, औषध आणि उपकरण यांच्या जोडीला 'आवास' सांगितला आहे. तेथे रोख संयमी पात्रांकडे असला, तरी दीनदुःखितांसाठी अनुकंपादानाची वाट परंपरेने मोकळी ठेवली आहे आणि त्या दानात पात्रतेची परीक्षा घेतली जात नाही.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांकडेही या दृष्टीने पाहावे. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पायरी ओली राहावी म्हणून रात्री मुद्दाम पाणी ओतणे, फरशीवर टोकदार लोखंडी सळ्या बसवणे, झोपलेल्याला काठीने ढोसणे, त्याची गाठोडी गटारात टाकणे, पिण्याच्या पाण्याचा नळ काढून घेणे, हे प्रकार शहरांत होतात आणि हळूहळू गावांतही येऊ पाहतात. यांतील प्रत्येक कृत्य कोणत्या अतिचाराच्या जवळ जाते, हे ज्याने त्याने स्वतःशी तपासावे. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपणाऱ्या घरातून असे कृत्य घडणे ही विसंगती बाहेरच्यांनी दाखवण्याआधी घरातल्यांना जाणवली पाहिजे.

हटवायचे, तर नेऊन ठेवायचे कोठे?

मुंबईच्या व्यापाऱ्यांनी या प्रश्नाचे एक उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा पारशी, जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवून विरोध केला. पण ते विरोधावर थांबले नाहीत. १८३४ मध्ये सर जमशेदजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. रस्त्यावरून हटवायचे तर न्यायचे कोठे, याची सोय हटवण्याआधी व्हायला हवी, हा त्यामागचा विचार. जनावरांसाठी दिसलेली ही दूरदृष्टी माणसांच्या बाबतीत का दिसू नये?

अगदी दूरचे, पण बोलके उदाहरण इंग्लंडमधील मँचेस्टरचे आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात तेथील जुन्या शेअर बाजाराच्या रिकाम्या इमारतीत बेघर लोक शिरले. गॅरी नेव्हिल आणि रायन गिग्ज या नामवंत फुटबॉलपटूंनी ती हॉटेलसाठी घेतली होती. न्यायालयात जाऊन त्यांना बाहेर काढणे शक्य होते. त्याऐवजी मालकांनी त्यांना हिवाळा संपेपर्यंत राहण्याची मुभा दिली. इमारतीच्या पाहणीसाठी येणाऱ्या लोकांना अडवू नये, एवढी अट घातली. मालकी सोडली नाही, प्रकल्पही सोडला नाही. मुदत आणि अट घालून परवानगी दिली, इतकेच. व्यापाऱ्याला ही भाषा सहज कळावी, कारण हुंडीलाही मुदत असते आणि उधारीलाही अट असते.

कळससारख्या गावात काय करता येईल?

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात एक लाख शहरी लोकसंख्येमागे शंभर जणांसाठी निवारा असावा, असे सूत्र होते. परंतु ही सोय नावाप्रमाणे नागरी. ग्रामपंचायतीच्या गावात असा निवारा अपेक्षित धरता येत नाही. म्हणून गावातील व्यापाऱ्यांनी एकत्र बसून काही गोष्टी आधीच ठरवून ठेवणे श्रेयस्कर. प्रत्येकाने आपापल्या पायरीपुरता निर्णय घेतला, तर तो माणूस या पायरीवरून त्या पायरीवर ढकलला जातो आणि कोणाचाच प्रश्न सुटत नाही.

आरंभ चौकशीने व्हावा. दिवसा, शांतपणे, घरातील एखाद्या वडीलधाऱ्याने त्याच्याजवळ बसून नाव, गाव, नातेवाईक विचारावेत. 'बाबा, कुठले तुम्ही?' एवढ्या एका प्रश्नाने अनेकदा वाट सापडते. गावी परतायची इच्छा असेल तर एसटीचे तिकीट आणि शिदोरी द्यावी. घरच्यांशी आधी फोनवर बोलून मगच पाठवावे. सेलमच्या बसची कथा विसरू नये.

माणूस मनोरुग्ण वाटला तर त्याला पिटाळणे धोक्याचे आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या अशा भटक्या व्यक्तीला संरक्षणात घेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे लागते. कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था अशा रुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याचे काम करते. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगर जिल्ह्यात डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचे माऊली सेवा प्रतिष्ठान रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळते. दुकानाच्या पायरीपासून या संस्थांपर्यंतचा प्रवास कोणीतरी घडवून आणावा लागतो.

वृद्ध असेल तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने त्याला मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. त्यासाठी प्रांत स्तरावर न्यायाधिकरण आहे आणि १४५६७ ही मदतवाहिनी आहे. बालक असेल तर १०९८ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक प्रत्येक गल्ल्यापाशी लिहिलेले असावेत.

यांपैकी काहीच लागू नसेल आणि माणूस केवळ गरीब असेल, तर मुदत द्यावी. आठ दिवस, पंधरा दिवस, पावसाळा असेल तर पाऊस उघडेपर्यंत. जागा ठरवून द्यावी, विडी-काडी व चूल यांना मनाई करावी, सकाळी दुकान उघडण्यापूर्वी जागा झाडून मोकळी करण्याचे ठरवावे. माल उतरवणे, साफसफाई असे काम देता आले तर त्याची योग्य मजुरी द्यावी. आसऱ्याच्या बदल्यात फुकट राबवणे हे दान नव्हे. व्यापारी मंडळाने दरमहा थोडी रक्कम बाजूला काढून एखादी खोली, दोन चटया, पाण्याची टाकी आणि एक शौचालय एवढी सोय केली, तर बहुतेक पायऱ्या आपोआप मोकळ्या होतील. लग्नसराईत एका मंडपावर होणाऱ्या खर्चाशी तुलना केली, तर ही रक्कम फार मोठी वाटणार नाही.

आणि एवढे करूनही उठवण्याची वेळ आलीच, तर तीही माणसासारखी यावी. आदल्या दिवशी सांगून, उजेडी, त्याचे सामान त्याच्या हाती देऊन, पोटात काही घालून आणि कोठे जावे हे सांगून. मालकाचा हक्क यात कणभरही कमी होत नाही. दुकान मालकाचे, पायरी मालकाची, तिच्यावरून कोणाला उठवावे हा निर्णयही मालकाचाच. तो निर्णय कसा अमलात आला, याची नोंद मात्र खतावणीत होत नाही. ती घरातली मुले ठेवतात, कारण शटर उघडताना आजोबा त्या माणसाशी काय बोलले, हे ती ऐकत असतात.